दोन्हीकडून डॉक्टर

धाकट्या साडूंच्या त्या पत्राला मुद्रितशोधकांनी उत्तर दिले नाही. विसरले म्हणून नव्हे. पोटात दुखले म्हणून.

दोघे एकाच छापखान्यातून निवृत्त झालेले. हे प्रुफे तपासत, साडू खिळे जुळवत. लोकांचे प्रबंध तपासता तपासता यांचे स्वतःचे एम.ए. दोनदा राहिले आणि साडूंनी बासष्टाव्या वर्षी पीएच.डी. पटकावली. वर सत्काराच्या पत्रिकेचा मजकूर धाडून लिहिले, की पदवी कशी लिहावी हे तुमच्याइतके कुणाला कळते, जरा नजर टाका.

नावाआधी 'डॉ.' होते, नावानंतर 'पीएच.डी.'ही. दोन्हींपैकी एकच लिहायचे, हे मुद्रितशोधकांना झोपेतही ठाऊक. त्यांनी पत्र शब्दकोशात दडवले. होऊ दे जरा शोभा.

महिन्याने छापील पत्रिका आली. चूक जशीच्या तशी. त्या दिवशी ते चार घास जास्तच जेवत होते, तेवढ्यात बायकोने तळची ओळ वाचली.

"अहो, तुम्हीपण आहात की यात. 'मजकूर तपासला : आमचे थोरले साडू.'"

हातातला घास ताटात परत गेला. छापखान्याचा नियमच होता : आठ दिवसांत प्रूफ परत आले नाही, की मजकूर मंजूर. साडूंनी इमानेइतबारे आठ दिवस वाट पाहिली होती.

मग फोन सुरू झाले. जुने मालक हळहळले, वय कुणाला चुकलेय म्हणाले. एका प्राध्यापिकेने आठवण करून दिली, की याच चुकीपायी तिच्या प्रबंधाचे पहिले पान त्यांनी तीनदा परत पाठवले होते. खूश होते ते एकटे साडू. आता त्यांना दारावरच्या पितळी पाटीवर नाव अगदी असेच कोरायचे होते, तळच्या ओळीसकट.

"पाटीवर मी कशाला?"

"असू द्या हो. तुमची लाल शाई बघत बघतच शिकलो मी. नमुना धाडलाय, आठ दिवस थांबतो."

फोनवर सांगितलेली दुरुस्ती छापखान्यात कुणी धरत नसे. पाच दिवस मुद्रितशोधक नमुन्यासमोर नुसते बसून राहिले.

"पत्र पोचायलाही दोन दिवस लागतात," सहाव्या दिवशी बायको म्हणाली.

त्यांनी लाल पेन उघडले. 'पीएच.डी.' खोडले, तळची ओळ खोडली. समासात लिहिले, 'चूक पहिल्याच दिवशी दिसली होती. सांगवले नाही. अभिनंदन.' शेवटच्या शब्दाला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

पाकिटावर साडूंच्या नावाआधी त्यांनी 'डॉ.' लिहिले. नावानंतर काही लिहायचे नव्हते, नियमच तसा. तेवढ्यानेच जरा बरे वाटले आणि त्यांनी पाकीट पेटीत टाकले.