पाहणारे, ऐकणारे आणि खोंडे सर

खोंडे सर एसटीत चढले की आधी तिकीट मागत नाहीत. कंडक्टरच्या तोंडाकडे निरखून पाहतात आणि विचारतात, "तुमी पाहणारे का आयकणारे?" सकाळच्या गर्दीत असल्या प्रश्नाला आर्वी डेपोच्या माणसाने काय उत्तर द्यावं? "मी तिकीट देणारा हाओ. कुठी उतरता, ते सांगा," एवढंच तो म्हणतो. "कृतीवाला दिसते," सर माझ्या कानात सांगतात.

आम्ही दोघंही बी.एड.चे छात्राध्यापक. मी तेविशीची, सर चाळिशी ओलांडलेले. विनाअनुदानित शाळेत फुकटासारखं शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले. "बी.एड. करून घ्या, मग कायम करू," असं संस्थाचालकांनी सांगितलं, म्हणून ते पोराठोरांत येऊन बसले. तिथे आमच्या प्राध्यापकांनी पिवळ्या पडलेल्या कागदावरून दोन तास मजकूर उतरवून दिला, की विद्यार्थी तीन प्रकारचे असतात: पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे. आम्ही कुठल्या प्रकारचे, हे काही त्यांनी विचारलं नाही. बाकीच्यांनी परीक्षेपुरतं पाठ करून सोडून दिलं. खोंडे सरांना मात्र त्याने झपाटलं.

मग त्यांनी सगळ्या जगाची वाटणी केली. चहावाला करणारा, त्याची बायको ऐकणारी, मुख्याध्यापक कशातच न बसणारे. या मताला फारसा आधार नाही, असं मी मोबाइलवर वाचलं होतं. तसं त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, तुमी सांगून राह्यल्या, पन मी पाहणारा माणूस हाओ. दाखवा!" मी हसले, पण आतून चिडलेही. या वयात इतका विश्वास, आणि तोही कशावर, तर आमच्या बी.एड.च्या नोट्सवर!

सरावासाठी मिळालेल्या शाळेत भिंतीवर एक मोठा टच-बोर्ड होता. किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, त्यामुळे तो अगदी नवा राहिला होता. खंडेनवमीला शाळेतल्या अवजारांची पूजा ठरली. घंटा, फूटपट्ट्या, प्रयोगशाळेचा तराजू मांडला गेला. बोर्डाची पूजा खोंडे सरांनी हट्टाने मागून घेतली. सोवळं नेसूनच यायचे बाकी होते. झेंडूचा हार घातला, ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक थेट काचेवर काढलं आणि वरून फुलाने पाणी शिंपडलं. "लेकरायचं अवजार हाये हे," म्हणाले. पाणी चौकटीत झिरपलं आणि त्या दिवसापासून बोर्ड आपल्या मनाने पानं उलटू लागला. "पूजा पावली," मुख्याध्यापक म्हणाले.

त्याच बोर्डावर सरांचा शेवटचा पाठ आला. विषय पचनसंस्था, वर्ग सातवा, मागच्या बाकावर कॉलेजचे निरीक्षक. या एका पाठावर सरांचं वर्ष होतं, आणि त्या वर्षावर कायम नोकरी. सरांनी वर्गाचे तीन भाग केले. पाहणारे बोर्डासमोर, ऐकणारे डोळे मिटून भिंतीशी, करणारे उभे राहून शेंगदाणे चावायला. बोर्डाने घास तोंडातून थेट मोठ्या आतड्यात नेला आणि तिथून पुढच्या धड्यातल्या चुंबकावर. सर धावत जाऊन पान मागे आणत, तो पुन्हा पुढे जाई. ऐकणाऱ्यांपैकी दोघं घोरायला लागले. एका करणाऱ्याला शेंगदाण्याचा ठसका लागला. निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि पाठ नापास केला. आता तो पुढच्या वर्षी. संस्था कशाला थांबते? संस्थाचालकांचा भाचा बी.एड. होऊन तयारच बसला होता.

परतताना सरांनी कंडक्टरला काही विचारलं नाही. आर्वीला उतरल्यावर म्हणाले, "मॅडम, चला घरी, चा घेऊ." त्यांनी आजवर कोणालाच घरी बोलावलं नव्हतं.

दोन खोल्या. बाजेवर त्यांची आई बसली होती. "माय मले वळखत नाई आता," सर साधेपणाने म्हणाले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसले. स्वतःचा शाळेतला फोटो दाखवला. "हा कोन?" ती फोटोकडे पाहत राहिली. मग तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "गजू! माय, गजू!" काही नाही. मग टोपलीतलं कापसाचं बोंड त्यांनी तिच्या हातात ठेवलं. बोटं लगेच चालू लागली, बोंडातून कापूस अलगद निघू लागला.

"पाहा मॅडम, हात इसरले नाई," सर म्हणाले. अख्ख्या पाठात त्यांचा चेहरा एवढा खुलला नव्हता. तो पिवळा कागद या माणसाने का धरून ठेवला, ते मला तेव्हा कळलं. मला रडू आलं. त्या कागदाचा राग आला, तो वेगळाच.

आईने सरांच्या पांढऱ्या शर्टाकडे, खिशातल्या पेनाकडे पाहिलं. डोक्यावर पदर घेतला.

"गुर्जी, माह्या गजूचा निकाल लागला का जी?"

"लागला, माय. पास झाला."

"मंग घरी काऊन नाई आला?"

सरांनी तिच्या हातात दुसरं बोंड दिलं.

"येऊन राह्यला, माय. वाटेत हाये."