ओठांतल्या ओठात

इंग्रजी बोलून विहिणीचं मन जिंकायचा बेत जमला असता तर फायदा माझाच होता. लेक रियाचं लग्न नरपडला, आमच्याच चिकूच्या वाडीत. आणि लीड्सची विहीण जन्मभर सांगणार की मुलीच्या बापाचं इंग्रजी अगदी साहेबासारखं! फसला, तर लग्न लीड्सला आणि आनंदीने लेकीवर अक्षता टाकायच्या त्या मोबाइलवरून.

साहेबाचं गुपित मी व्हिडिओ बघून हेरलं होतं. 'टू', 'ऑफ', 'अँड' असले बारके शब्द तो पूर्ण म्हणतच नाही. 'ट', 'अव', नुसतं 'न', असे ओठांतल्या ओठात उरकतो. आमची आनंदी मात्र पंगतीत मीठ-लिंबू वाढावं तसा प्रत्येक शब्दाला मान देई. मी वैतागलो की म्हणे, "अहो, बारका आहे म्हणून अर्धाच वाढू का त्याला?"

पाहुणे यायच्या दिवशी जीभ सैल पडावी म्हणून मी चिकूची फोड गालात धरून सराव केला. फोड पिकलेली हवी होती; बोलण्याच्या नादात टोपली चुकली. कच्च्या चिकूचा चीक म्हणजे काय, ते वाडीवाल्यांना विचारा. गाडी फाटकात शिरली तेव्हा माझे ओठ लखोट्यासारखे चिकटले होते. 'वेलकम टू नरपड' मधला 'टू' सोडाच, नरपडसुद्धा आत राहिलं.

मुलाची आई मॉरीनबाई निवृत्त नर्स. त्यांना वाटलं, मला अर्धांगाचा झटका आला. त्यांनी माझे हात वर करवले, हसायला सांगितलं. हात वर गेले, हसू येईना. त्या ॲम्ब्युलन्स मागू लागल्या, रिया रडू लागली.

तेव्हा आनंदी चिकूची टोपली घेऊन पुढे झाली आणि एकेक शब्द ठासून बोलली, "नो डॉक्टर. माउथ इज फुल ऑफ चिकू."

मॉरीनबाईंना अक्षर न् अक्षर कळलं. त्या हसत ओट्यावरच बसल्या. मग दोघींनी मिळून माझ्या ओठांना खोबरेल चोळलं, जसं तान्ह्या बाळाला चोळतात. चोळता चोळता बाईंनी विचारलं, लग्न लीड्सला की इथे? आनंदी "हिअर" म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

बाईंनी तिचा हात धरला. "लीड्स अँड हिअर."

तो 'अँड' आनंदीच्या 'अँड'पेक्षाही लांब होता.

एकूण हिशेब असा: आनंदीला मैत्रीण मिळाली, रियाला दोन मांडव. दोन्हींचा खर्च माझ्या नावावर पडला. नको म्हणायला माझे ओठ तेव्हा सुटले नव्हते.