बायजाक्काचा लाल स्टिकर

एका जंगलात एक सिंह शिंकला. कुठल्या जंगलात ते विचारू नका बाळांनो, तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात नाही ते.

तळ्याकाठी झोपला असताना त्याच्या नाकात गवताचं कुसळ गेलं होतं, एवढंच. पण शेजारी बगळेसाहेब उभे होते. ते लगेच म्हणाले, "महाराज, हवा बिघडली!"

"कोणी बिघडवली?" सिंह गरजला.

"प्राण्यांनी, महाराज. प्राणी पादतात."

ए, मागच्या रांगेत कोण हसतंय? गप्प बसा. ही बोधकथा आहे.

तर हुकूम सुटला. तळं आणि त्याच्या आसपासची हिरवळ म्हणजे आजपासून शुद्ध हवा क्षेत्र. प्रत्येकाने तपासणी करून कपाळावर स्टिकर लावायचा. हिरवा असेल तर आत या, लाल असेल तर बाहेर राहा.

आता तपासणी म्हणजे कोणीतरी प्रत्येकाच्या मागे जाऊन वास घेतला पाहिजे. कोण घेणार? बगळेसाहेबांनी तर ऐकूनच मान फिरवली. मग त्यांनी एक सोपी युक्ती काढली. प्राण्याचं वय विचारायचं. जो नवा तो स्वच्छ, जो जुना तो घाण. झाली तपासणी!

साहेब स्वतः चांगले म्हातारे होते. पण ते सरकारी कामावर होते, त्यामुळे त्यांची हवा धरत नव्हते.

या तळ्यात बायजाक्का नावाची एक म्हातारी कासवीण राहायची. अंडी घालायला ती लांबच्या वाळूत गेली होती. ऊन मी म्हणत होतं. पाठ तापलेली, पाय भाजलेले, अशी ती रखडत रखडत घरी आली, तर वाटेत बगळेसाहेब एका पायावर उभे.

"आजी, वय?"

"कोणाला ठाऊक बाबा! तुझा आजा अंड्यात होता तेव्हा मी नातवंडं खेळवत होते."

तिचं कपाळ सापडेना म्हणून साहेबांनी तिच्या पाठीवरच लाल स्टिकर थापला.

"अरे, पण माझं घर आहे ते! पाण्यात गेले नाही तर सुकून मरेन मी. आणि मी उभ्या जन्मात कधी पादले नाही रे. तू एकदा वास घेऊन तर बघ!"

"तशी पद्धत नाही आजी."

तेवढ्यात रणधीर नावाचा तरणाबांड गवा आला. रात्रभर त्याने फणस खाल्ले होते, तेही आठळ्यांसकट. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. कपाळावर मात्र कोराकरकरीत हिरवा स्टिकर. साहेबांच्या अगदी समोर त्याने असा काही बार काढला की झाडावरची वटवाघळं जागी झाली.

"या, या," साहेब श्वास रोखून म्हणाले.

बायजाक्का बाहेरच्या जांभळीखाली जाऊन बसली. समोर तळं चकाकत होतं. तिची जीभ टाळूला चिकटली, डोळे खोल गेले. मला तर तिची दया येते बुवा. तुम्हाला येत नसेल तर तुम्ही मोठेपणी साहेब व्हाल.

इकडे तळ्यावर जुनी जनावरं उरली नाहीत, जागाच जागा झाली. मग रणधीरने आपले सगळे भाऊबंद बोलावले. सगळे तरुण, सगळे हिरवे आणि सगळे फणस खाऊन आलेले.

सिंहाचे डोळे चुरचुरू लागले. आयाळ चिकट झाली. "बगळ्या, हा वास कसला?"

"शुद्ध हवेचा, महाराज. सवय नाही ना आपल्याला."

सिंहाने सवय करून पाहिली. शेवटी एका दुपारी रणधीरने नेमकं त्याच्या नाकाशी शेपूट उचललं, आणि जंगलाचा राजा ओकत ओकत जो पळाला तो थेट बाहेरच्या जांभळीखाली येऊन कोसळला. तिथे त्याने छाती भरून श्वास घेतला.

"अहाहा! हवा असावी तर अशी!"

"जिथे महाराज, तिथे शुद्ध हवा क्षेत्र!" मागोमाग उडत आलेल्या बगळेसाहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. हे कळताच सगळे गवे कपाळ मिरवत तळं सोडून तिकडे निघाले.

जांभळीखाली अर्धमेली बायजाक्का पडलेली होती. पाठीवर लाल स्टिकर. साहेब तिच्यावर खेकसले, "ए म्हातारे, ऊठ! महाराजांची हवा खराब करतेस? चालती हो इथून!"

"जाऊ कुठे?" तिने कशीबशी मान वर काढली.

"त्या तळ्यात जाऊन मर! तिथे आता कसलीच बंदी नाही."

 जन्मात धावली नव्हती अशी बायजाक्का धावली आणि तळ्यात शिरली. थंडगार पाणी अंगावरून गेलं तशी ती ढसाढसा रडली. मागे जांभळीखालून पुन्हा सिंहाच्या ओकाऱ्या ऐकू येत होत्या.

आता यातून काय शिकायचं ते वहीत उतरवून घ्या.

तात्पर्य : हवेच्या शुद्धतेसाठी झाडंबिडं लावत बसू नये. राजाला आणि त्याच्या हिरव्या स्टिकरवाल्यांना दुसरीकडे राहायला पाठवावं. आणि आपल्याला कोणी घाण म्हणून हाकललं, तर वाद न घालता लगेच निघावं, साहेबाचा विचार बदलायच्या आत.