दामिनीच्या गाण्यात मी शिरले

गाणं शिकवण्यात काय आहे एवढं? बावीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत नायिकेची पदं गायलेल्या बाईला ते अवघड जाईल, असं मला तरी वाटलं नव्हतं! गुडघे गेले, मंच सुटला, आणि मी नंदनवन वस्तीतल्या घरावर पाटी लावली, 'पुष्पलताबाई, गायनाचे वर्ग'. पण नाटकांचा हंगाम सुरू झाला की जीव इथे लागायचा नाही. कुकरची शिट्टी झाली तरी मागच्या रांगेतून कुणीतरी दाद दिली असं वाटून मी मान लववायचे.

पहिली शिष्या दामिनी. पोस्टात नोकरी, वय पस्तीस, आणि चार माणसांसमोर कधी तोंड उघडलेलं नाही.

"बाबाच्या एकसष्टीले एकच गाणं म्हणायचं हाय मले, बाई," ती म्हणाली. "आई म्हणायची ते. ती गेल्यापासून घरात कोणी गायलंच नाही."

चार महिने घासून घेतलं. एकसष्टीला मी जरीचं पातळ नेसून पहिल्या रांगेत. शिष्येच्या गाण्याला गुरूनं इतकं नटू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दामिनीनं पेटी वाजवत पहिली ओळ सुरेख म्हटली. दुसरी अर्धी म्हटली आणि थांबली.

आमच्या मंडळीत एक शिरस्ता होता. मंचावरचं माणूस गाता गाता अडकलं, तर विंगेत जो उभा असेल त्यानं पद उचलायचं आणि गातच आत शिरायचं. बावीस वर्षांची सवय! मी गुडघे विसरून उठले, ओळ उचलली आणि थेट दामिनीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

मग काय विचारता. टाळ्या, वन्स मोअर. दोनदा गायले मी. मंच सुटल्यावर आठ वर्षांनी माणसं माझ्याकडे बघत होती, थांबवेचना. दामिनी मागे पेटी मिटून बसली होती.

जेवताना मी ऐटीत म्हटलं, "अडकतं वं माणूस. मी सावरलं ना?"

"मी अडकली नव्हती, बाई," ती हळूच म्हणाली. "बाबा रडून राहिले होते. म्हणून थांबली."

मी जरीचा पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला.

आठ दिवस ती वर्गाला आली नाही. शेवटी मीच तिच्या घरी गेले. "बाबांना पुन्हा ऐकव. मी गात नाही, शपथ." तिनं मला मागच्या दारानं स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि बैठकीच्या खोलीकडच्या दाराला बाहेरून कडी लावली. माझ्या शपथेवर तिचा एवढाच विश्वास.

ती गाऊ लागली. त्याच ओळीवर थांबली. ओळ माझ्या घशाशी आली, मी पदर तोंडात कोंबला. पलीकडे तिचे बाबा, गिरिधरराव, रडत असावेत. ती थांबून राहिली. मग तिनं ओळ उचलली, आणि अशी उचलली की मला ती तशी कधी जमली नव्हती. हेवाही वाटला आणि ऊरही भरून आला. पदर सुटला आणि मी दाराआडून ओरडले, "वन्स मोअर!"

"स्वैपाकघरात कोन हाय वं, दामिनी?" गिरिधररावांचा भरलेला आवाज आला. "चूप राहा म्हन तिले. माही पोरगी गाऊन राहिली."

राहिले हो चूप. करणार तरी काय, कडी बाहेरून होती.