ओळख पटली नाही, असा शिक्का मारावा

तक्रारपेटीतलं गुपित फुटल्याचं ज्या दिवशी समितीला कळलं, त्या दिवशी ते बासष्ट घरांत वाचून झालं होतं. जपानमधल्या इमाबारीतल्या आमच्या वस्तीत सूचनांची पाटी घरोघर फिरते. वाचायचं, आपल्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारी द्यायची. चिटणीस ओचीसाननी कचऱ्याच्या वेळापत्रकाऐवजी चुकून वर्षभराच्या तक्रारचिठ्ठ्या त्या पाटीला अडकवल्या, नावांसकट. सगळ्यांनी वाचलं आणि शिक्का मारला. अध्यक्ष मोरिवाकीसाननीसुद्धा आधी शिक्का मारला, मग तातडीची बैठक बोलावली.

त्रेसष्टावं घर माझं. फेब्रुवारीत माझी बायको किनुए गेली, आणि सुतकाच्या घरी पाटी देत नाहीत. त्या चिठ्ठ्यांत एक किनुएची होती, हे शेजारच्या ताकेसुएबाईंच्या तोंडून निसटलं म्हणून मला कळलं.

बैठकीत ठरलं, की यापुढे तक्रार कुणाची हे कुणालाच कळता कामा नये. त्यासाठी गुप्तजाळ्याचं, म्हणजे निरोप कुणी पाठवला हे लपवणारं सॉफ्टवेअर बसवायचं. ते काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करूनच बसतं. प्रत्येक कमांड आधी कागदावर लिहायची, तिच्यावर तीन शिक्के घ्यायचे आणि मग एंटर दाबायचं, असा ठराव झाला.

"आपला निरोप तीन अनोळखी कॉम्प्युटरांतून फिरत येतो," ओचीसान म्हणाले. "तिघांपैकी एकालाही सगळं माहीत नसतं."

"ही तीन माणसं कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"तेच तर कळत नाही."

"आपलं काम करतायत बिचारे, आणि साधी ओळख नाही? निदान ओळखीची भेट म्हणून रुमाल तरी पाठवा."

"अहो, तिघं सारखे बदलत राहतात."

"मग रुमालांचं मोठं खोकं मागवा."

अकरा दिवसांनी सॉफ्टवेअर चालू झालं. कोण येऊन गेलं याची नोंद ते ठेवत नाही, हे समितीच्या हिशेब-तपासनिसांना पटेना. म्हणून ओचीसाननी सेटिंगमधली एक ओळ बदलून नोंद सुरू केली. ती गोपनीय असल्यामुळे, ती कोण कोण पाहतं याचीही वही घातली.

दुखरा गुडघा सांभाळत मी समितीच्या कचेरीत गेलो. "ओचीसान, किनुएची चिठ्ठी द्या. तिचं अक्षर आहे."

"तक्रारदाराची लेखी संमती लागते."

"ती वारली. शवपेटी उचलायला तुम्हीच तर होतात."

"म्हणून तर वाईट वाटतंय हो. गुप्तजाळ्यातून अर्ज करा."

"नाव घालून?"

"नाव घातलं की अर्ज बाद."

घरी कॉम्प्युटरचं सगळं किनुए बघायची. मी एका बोटानं पहिली कमांड टाइप केली. उत्तर आलं, तुम्हाला अधिकार नाही. माझं घर, माझं टेबल. कमांडच्या आधी एक शब्द जोडला की अधिकार मिळतो, हे समितीच्या माहितीपुस्तिकेत चाळिसाव्या पानावर सापडलं. मग सॉफ्टवेअर बसलं. सुरू केलं. चालतंय का, अशी कमांड दिली. 'चालू आहे,' असं आलं. त्या महिन्यात मला सरळ उत्तर देणारं ते एकटंच.

अर्ज लिहिला: 'माझ्या बायकोची चिठ्ठी मिळावी. एक रहिवासी.'

अर्जदार माहीत नसल्यामुळे उत्तर सगळ्यांना देणं भाग होतं. ते पाटीवर आलं. 'एका रहिवाशाने दिवंगत पत्नीची चिठ्ठी मागितली आहे. तो कोण हे कळण्यास मार्ग नसल्याने ती देता येत नाही. समितीस त्याच्याबद्दल सहानुभूती आहे. त्याने गुडघ्याची काळजी घ्यावी. सर्वांनी ओळख पटली नाही, असा शिक्का मारावा.'

सुतक संपलं होतं, त्यामुळे पाटी या वेळी माझ्याकडे आली. बासष्ट शिक्के होते. मीही मारला.

ताकेसुएबाई शिजवलेला भोपळा घेऊन आल्या. "अहो शिगेमात्सुसान, चिठ्ठीत काय आहे ते सगळ्यांना माहितेय हो. पण तुम्हाला कसं सांगणार? गोपनीय आहे ना."

"माझ्याबद्दल आहे?"

"बघा, आता मला बोलतं करताय!" त्या हसल्या, मग तोंड न फिरवता सरळ समोरच डोळे पुसले. "भांडं धुवत बसू नका. तसंच द्या."

तुम्हीही इथवर वाचलंत ते गोपनीयतेच्या काळजीनं नव्हे. तिनं काय लिहिलं होतं, ते तुम्हाला हवं होतं. बासष्ट घरांचंही तसंच झालं असणार.

किनुएची चिठ्ठी समितीच्या कपाटात आहे. मी ती अजून वाचलेली नाही.