लूपला नाव हवं

आमच्या ऑफिसातल्या पाण्याच्या कूलरचं नाव वसंतराव आहे. प्रिंटर म्हणजे गोदाक्का. ही बारशी खैरनार सरांनी केली. "कूलर बंद पडलाय म्हटलं तर कोणी मान वर करत नाही. वसंतराव गेले म्हणा, अख्खं ऑफिस उठतं," हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे हे मी पाहिलंय.

सर मूळचे सटाण्याचे, वय अठ्ठावन्न. आम्ही दोघं पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांसाठी प्रोग्रॅम लिहितो. प्रोग्रॅम एकेका खोलीत जातो आणि तिथला द्राक्षांचा एकेक क्रेट तपासतो. अशा पुन्हा पुन्हा होणाऱ्या फेरीला लूप म्हणतात; म्हणजे इथे लूपच्या पोटात लूप. एखादा क्रेट तापलेला सापडला की दोन्ही थांबायला हवेत. पण आम्ही वापरतो त्या संगणकाच्या भाषेत 'थांब' म्हटलं की फक्त आतला थांबतो. बाहेरचा निघाला पुढच्या खोलीत!

"वरातीत नुसतं 'ओ, थांबा' ओरडून बघ," सर म्हणाले. "घोडा थांबतो, बँड पुढे जातो. नाव घेऊन सांगावं लागतं, भाऊ!"

एवढ्यावर दुसरा कोणी चहा पिऊन विसरला असता. सरांनी ती भाषा सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींना आठ पानी प्रस्ताव धाडला: प्रत्येक लूपला नाव द्या, आणि ज्याला थांबवायचंय त्याचं नाव घ्या. इंग्रजी मी तपासलं होतं, त्यामुळे मीही जरा फुशारलो होतो.

चार महिन्यांनी चक्क उत्तर आलं. कल्पना पसंत आहे. फक्त उदाहरणातल्या बाहेरच्या लूपचं 'कुसुम' हे नाव काढून 'बाहेरचा' असं काही साधं घाला, की प्रस्ताव पुढे नेतो. मी जिलबी मागवली. सरांनी "नाव बदलणार नाही" असं लिहायला घेतलं.

मी भडकलो. "सर, एका शब्दासाठी हातातोंडाशी आलेला घास घालवताय? कोण ही कुसुम?"

"आमची ही," ते म्हणाले.

वहिनींना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"लग्नात तिनं चार ओळींचा उखाणा जोडून माझं नाव घेतलं. माझी पाळी आली, तर मी लाजून मांडवाबाहेर पळालो. मग तीस वर्षं नुसतं 'अगं'. दवाखान्यातसुद्धा 'अगं, थांब ना' एवढंच आलं तोंडात." सर चष्मा पुसत राहिले. "आयुष्यात एकदा घेतलंय. ते आता खोडू कसं?"

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "पाठवा, सर."