जंक्शन हॉटेलातला न आलेला चहा

ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. माझ्याशिवाय दुसरा गुप्तहेरच नाही, असं माझी बायको वासंती मुद्दाम सांगते, पण त्याने मुख्य विधानाला बाध येत नाही. दिवसा मी आंबिवलीच्या एका कारखान्यात टाइमकीपर असतो. उरलेला वेळ परशुराम, डिटेक्टिव्ह, डोंबिवली पश्चिम. नजर घारीची, चाल मांजराची आणि झोप, वासंतीच्या मते, म्हशीची.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमारास मोरतुरा चहावाल्यांनी निष्ठावंत ग्राहकांसाठी योजना काढली. पुड्यांवरचे मोर कापून जमवायचे, पुरेसे झाले की कल्याण स्टेशनसमोरच्या जंक्शन हॉटेलात दोघांना एक रात्र फुकट. हॉटेल इंग्रजांच्या काळातलं, रेल्वेचे गोरे साहेब उतरायचे तिथे. वासंतीने अख्ख्या बिल्डिंगला मोरतुरा पाजला. कोणी कॉफीचं नाव काढलं की ती काळजीने त्याच्या तब्येतीची चौकशी करायची. मोर भरले आणि डोंबिवलीहून कल्याणला मुक्कामाला जाणारं आम्ही बिल्डिंगमधलं पहिलं कुटुंब ठरलो.

वासंतीला ना उंच छताचं कौतुक होतं, ना लांब हातांच्या खुर्च्यांचं. कुपनावर खाली छापलं होतं, ‘सकाळी सहा वाजता खोलीत चहा.’ त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "अहो, आजवर मला कोणी आयता चहा हातात दिलेला नाही. माहेरीसुद्धा मीच करायचे. हा एक कप मला हवाय."

"मिळणार," मी म्हणालो. "मी आहे ना."

"म्हणूनच काळजी वाटते," ती म्हणाली.

पहाटे तिने रोजच्यासारखं मला हलवलं. "उठा, अंथरूण काढायचंय." मी डोळे मिटूनच चादरीची दोन टोकं धरली, तिने दोन. ब्लँकेटच्या घड्या झाल्या, गादीची वळकटी झाली, वर उशा बसल्या. मग मी बाथरूममध्ये गेलो आणि ती पिशवी घेऊन मागच्या गॅलरीत वेणी घालायला बसली.

सहा वाजले. साडेसहा झाले. चहा नाही.

"विसरले असतील," वासंती म्हणाली.

"विसरत नाहीत, विसरवलं जातं," मी म्हणालो. माझं डोकं भराभर चालू लागलं. पहिला संशय कंपनीवर. फुकट्यांना अर्धं बक्षीस देऊन वाटेला लावायचं, हा कट वरपर्यंत पोचलेला असणार. तेवढ्यात शेजारच्या खोलीतले पोटवाले गृहस्थ बाहेर आले. मिशीला चहाचा थेंब. मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"सकाळपासून किती कप?"

"दोन. का हो?"

"प्रश्न मी विचारतो. गोड होते?"

"मला डायबेटिस आहे. बिनसाखरेचे होते."

"मग साखर कुठे लपवलीत?"

ते खोलीत परत गेले आणि आतून कडी लावली. निर्दोष माणूस सकाळच्या वेळी कडी लावत नाही.

तिसरा संशय वेटर विश्रामवर. रिकामा ट्रे घेऊन तो फार निरागसपणे चालत होता. मी त्याच्या मागोमाग खाली उतरलो आणि पामच्या कुंडीआड बसलो. मॅनेजरने वाकून विचारलं, "साहेब, चहा वगैरे हवाय का?"

"काही नको," मी ठामपणे सांगितलं. पाळतीवर असताना ओळख देऊन चालत नाही.

वर आलो तर वासंती उघड्या पलंगाच्या कडेला बसली होती. "राहू द्या," ती म्हणाली. "आठला खोली सोडायचीय. घरी जाऊन करते मी." नेहमीसारखं ती मला चार शब्द सुनावती तर बरं वाटलं असतं. ती पदराशी चाळा करत राहिली. एवढे मोर कापले होते तिने.

मग ती उठली, बाहेर गेली आणि तिने विश्रामला विचारलं. गुप्तहेरीच्या शास्त्रात ही पद्धत फार कच्ची समजतात.

"आणलेला ना, वहिनी," विश्राम म्हणाला. "दार ढकललं तर पलंग उघडा, गादी गुंडाळलेली, सामान नाही, माणूस नाही. म्हटलं, पार्टी पहाटेच्या गाडीने गेली. परत नेला."

"अहो, मी गॅलरीत होते आणि हे बाथरूममध्ये."

"पण हॉटेलात गादी कोण गुंडाळतं, वहिनी?"

वासंतीला प्रश्नच कळला नाही. "अंथरूण पसरलेलं असताना चहा कसा घ्यायचा?" ती म्हणाली.

विश्रामने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. चादरीची दोन टोकं मीच धरली होती.

"पाच मिनिटांत आणतो," तो म्हणाला. "पण तुम्ही पडून राहा."

आम्ही गादी पुन्हा पसरली. अंघोळ, वेणी, कुंकू सगळं झालेली वासंती गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून आडवी झाली आणि तिने डोळे घट्ट मिटून घेतले. दारावर टकटक झाली. "बाईसाहेब, चहा." ती दचकल्यासारखी उठून बसली. नाटक चांगलं वठलं, पण कप तिने खरोखरच दोन्ही हातांनी घेतला.

"कसाय?" मी विचारलं.

"पाणचट," ती म्हणाली आणि डोळे पुसले. मग दुसरा कप मागितला.

निघताना मी सवयीने चादरीला हात घातला. "राहू द्या," ती रुबाबात म्हणाली. "आज दुसरं कोणीतरी आवरेल."

जिना अर्धा उतरल्यावर तिला फणी विसरल्याचं आठवलं. ती वर गेली. फणी तिच्या पिशवीतून बाहेर डोकावत होती. माझ्या आयुष्यातला हा पहिला पुरावा, ज्यावरून मी बरोबर निष्कर्ष काढला.

ती खाली आली तेव्हा मी विचारलं, "गादीपण गुंडाळलीस?"

"नाही हो. फक्त चादर."

"विश्राम म्हणेल, पार्टी गेली."

"आता म्हणू दे," ती म्हणाली. "चहा घेऊन गेली."